सूपभर कनकी

माझं लाडाचं नाव कनकी. धान भरडताना जो तांदूळ तुटतो, त्या तुकड्यांना आमच्या नागभीडकडे कनकी म्हणतात. गरिबाघरी तिची पेज होते, उरली तर कोंबड्यांना टाकतात. असं नाव लाडानं कोणी ठेवतं का? ठेवतं बरं!

माझ्याआधी मायची दोन लेकरं गेली होती. एक सव्वा महिन्याचं, दुसरं दात येता येता. मी झाले तेव्हा आळीतल्या बायांनी तिला बजावलं, ही तुझी म्हणून ठेवू नको, विकून टाक. मग बाराव्या दिवशी मायनं मला सुपात घातलं आणि शेजारच्या अम्मीच्या दारात नेऊन ठेवलं. अम्मी मुसलमान. गावोगाव फिरून बायांना बांगड्या भरायची, आणि तिची चारही पोरं धडधाकट होती. तिनं मला उचललं, रिकाम्या सुपात कनकी ओतली, झाला सौदा.

"कनकीत भेटली, कनकीच म्हनीन मी इले," अम्मी म्हणाली. मग मला मायच्याच मांडीवर देऊन वर हुकूम, "घ्या बाई, माझ्या पोरीले दूध पाजा. हयगय नाई पायजे."

राहायची मी आमच्याच घरी. पण हे नाव घ्यायचं ते विकत घेणारीनं. मायनं तोंडातून काढलं, लाड केले, की सौदा मोडला आणि पोर गेली, असं माय धरून बसलेली. लग्नाआधी परत विकत घ्यायचं, मग काय लाड करायचे ते करा. तोवर मायसाठी मी 'वो पोरी', आणि चारचौघांत 'भाभीची पोरगी'. अम्मीला माय भाभी म्हणायची.

अम्मीची हाक यायची कुंपणापलीकडून. "कनकीऽऽ, कुठी मेली वो?" त्या 'मेली'तसुद्धा इतकी माया असायची की हातातलं सोडून मी पळायचे. तिची बोटं माझ्या मनगटावर नवी बांगडी चढवत असायची आणि माझं लक्ष आमच्या अंगणाकडे. माय तिथं धान पाखडत असायची. वाटायचं, एकदा, फक्त एकदा हिनं म्हणावं.

चौथीत असताना मी चिंचेवरून पडले. माय धावत आली. अगदी हाताच्या अंतरावर आली आणि थबकली. पदर तोंडात कोंबला आणि ओरडली, "भाभी, या वो लवकर! तुमच्या पोरीले लागलं!" गुडघ्यातून रक्त येत होतं, त्याचं मला काहीच वाटलं नाही. पण ते 'तुमच्या' असं झोंबलं म्हणता! आठ दिवस मी मायशी बोलले नाही. तिला ते कळलं की नाही, देव जाणे. ताटात मात्र आठही दिवस माझ्या आवडीची भाजी होती, तेव्हा कळलंच असणार. मी जेवायचे आणि तोंड फुगवून उठायचे. चिडकी मी तेव्हापासूनच.

लग्न ठरलं, मुलचेऱ्याच्या मास्तरशी. हळदीच्या आठ दिवस आधी मायनं पायलीभर चांगला तांदूळ आणि साडी देऊन मला परत घेतलं. अम्मी हुंदके देऊन रडली. मी मायच्या तोंडाकडे बघत उभी. आता म्हणेल. आता तरी! माय म्हणाली, "चाल, पापड वाळू घालाचे हायेत."

दोन वर्षांनी अम्मी गेली. मला कनकी म्हणणारं जगात कोणी उरलं नाही. मुलचेऱ्यात तर मी मास्तरीणबाई. दुपारी घरात एकटी असले की तो कुंपणापलीकडचा आवाज ऐकावासा वाटे, इतका की मीच एकदा आरशासमोर म्हणून पाहिलं. कसलं काय! आपणच आपल्याला हाक मारून भागतं होय?

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली. आणि माय? माय सुटलीच! लेकराला तेल लावता लावता काय एकेक नावं काढायची. "माझं टेंभरू वो! माझी चारोळी! माझं ढेमसं, माझी मैनी, कोन रडवलं वो माझ्या बाईले?" मी बाजेवरून ऐकायचे. सांगायला लाज वाटते, पण पोटच्या पोरीचा हेवा वाटला मला.

पाचव्या का सहाव्या दिवशी मी फाटकन बोललेच. "एवढे लाड येतेत तुले? मंग मले काऊन नाई केले कधी?"

मायचा तेलाचा हात थांबला. नजर लेकराच्या पायाकडेच.

"त्या दोघायले म्हनत होती. दोघंबी गेले," ती म्हणाली. "तुले म्हनाचं सारं पोटातच ठेवलं मंग. आता तुह्याकडे पाहून जीभ वळत नाई वो माझी. इले म्हनून राह्यली, पन हे सारे तुझेच होय."

मी बाजेवरून उठले आणि लेकराला लागून, मायच्या मांडीजवळ आडवी झाले.

"थांबू नको," मी म्हटलं. "म्हन."

मायनं तेलाची वाटी पुढे ओढली आणि लेकराचे पाय चोळत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी डोळे मिटून घेतले.