झटका मशीन बंद होतं तेव्हा

रेडिओ दुर्बिणीनं आकाशातले स्पंद पकडायची माझी नोकरी, पण निम्मा वेळ जमिनीवरची खरखर हुडकण्यात जायचा. यावेळी ती पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर सापडली. उसातलं जनावर वस्तीत येऊ नये म्हणून कडेनं ओढलेल्या तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन. ओलं गवत तारेला टेकलं की दर सेकंदाला ठिणगी, आणि आमच्या पडद्यावर दर सेकंदाला एक रेघ.

पल्सार म्हणजे ठेक्यात स्पंद देणारा तारा. अशाच एकाची निरीक्षणं चालू असताना त्याच दिशेनं भलताच एक स्पंद आला होता. क्षणभराचा, पण आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडून आलेला. पुन्हा दिसला तरच लोक मानणार होते. त्यासाठी तासभर शांतता हवी होती, आणि वेळ येत होती नेमकी दिवेलागणीची.

वस्तीवर एक बाई, तिची मुलगी, गाय नि वासरू. मी म्हणालो, “मावशी, साडेसहा ते साडेसात मशीन बंद ठेवाल का?”

“वाघ त्याच टायमाला उसातनं निघतो, सायेब.” बिबट्याला तिकडं वाघच म्हणतात. “परवा शेजारचं कुत्रं नेलं.”

“एकच दिवस. काम झालं की मी स्वतः फोन करतो, मग लावा.”

तिनं उसाकडं बघितलं. “तुमी म्हनताय तर ठिवते.” मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

त्या दिवशी साडेसहाला आमच्या पडद्यावरच्या रेघा थांबल्या. सातनंतर तो स्पंद पुन्हा आला. वरच्या फ्रिक्वेन्सी आधी, खालच्या मागून, पडद्यावर लांबलचक तिरका फराटा. ठिणगी अशी कधीच दिसत नाही; फार दूरून आलेला स्पंदच असा पसरतो. आम्ही ओरडलो, एकमेकांना मिठ्या मारल्या, निरीक्षण आणखी वाढवून घेतलं. गरज सरो, वैद्य मरो.

आठ वाजून गेल्यावर शेजारचा सहकारी खुशीत म्हणाला, “काय स्वच्छ डेटा आहे! एक रेघ नाही.”

मी फोन केलाच नव्हता. रेघा साडेसातलाच परत सुरू व्हायला हव्या होत्या. दुर्बिणीजवळ मोबाइलला बंदी; लँडलाइनवरून नंबर फिरवताना दोनदा चुकला.

मुलीनं उचलला, कुजबुजत. “आई नि मी दार लावून बसलोय. आई म्हनली, सायबाचा फोन आल्याबिगर मशीन लावायचं न्हाई.”

“लाव, आत्ता लाव!”

“कसं लावू? बटन गोठ्यात हाय.” ती थांबली. “वासरू दोनदा हंबरलं हुतं. आता गप हाय.”