मनीषाबाईंचे फिल्टर

मनीषाबाई भोईर आपल्या यंत्रात कोणताही बदल करण्यापूर्वी तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवीत, आणि ऐकणाऱ्याने आक्षेप घेतला नाही तर रागावत. नुसती मान डोलावणारा माणूस त्यांना चालत नसे. “हां हां करू नका, काका. चूक काढा. नसंल तर तसं सांगा, पण आधी शोधा,” असे त्या म्हणत. या कामासाठी त्यांना त्यांच्या व्यवसायातले ओ का ठो न कळणारा माणूसच लागे. जाणकार माणूस न लिहिलेले शब्दही मनातल्या मनात भरून वाचतो, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या चौक गावात हे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते.

माझा त्यांच्याशी परिचय तक्रारीतून झाला. मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. सेवा देणाऱ्याने सेवा दिली नाही, तर त्याला लेखी जाब विचारणे हे मी नागरिकाचे कर्तव्य समजतो. चौक, कडाव आणि आसपासच्या गावांना इंटरनेट पुरवणारा छोटा व्यवसाय त्या चालवीत. त्यांच्या जोडणीवरून बाकी सर्व काही दिसे, परंतु न्यायालयाचे संकेतस्थळ मात्र उघडत नसे. मी एक पत्र पाठवले, मग स्मरणपत्र, आणि मग ग्राहक मंचात जाण्याची पूर्वसूचना. ती पूर्वसूचना हातात घेऊन बाई स्वतः स्कूटरवरून माझ्या दारात आल्या. चाळिशीच्या आतबाहेरचे वय, गळ्यात चष्म्याची दोरी, चेहऱ्यावर क्षमायाचनेचा मागमूस नाही. “कायद्याची कलमं मस्त घातलीत. पण तिन्ही पत्रांत कुठली साइट उघडत नाय, तेवढंच नाय लिहिलं,” त्या म्हणाल्या.

मी पत्राची स्थळप्रत काढून पाहिली. त्यांचे म्हणणे खरे होते. मी संकेतस्थळाचे नाव सांगितले. त्यांनी ओटीवर बसूनच लॅपटॉप उघडला, बराच वेळ काही वाचले आणि म्हणाल्या, की चूक त्यांचीच आहे. पूर्वी एका उपद्रवी जाळ्याचे पत्ते, म्हणजे इंटरनेटवर त्याला मिळालेले आकडे, नाकारण्यासाठी त्यांनी एक ओळ लिहिली होती. पुढे ते पत्ते न्यायालयाच्या संकेतस्थळाकडे गेले आणि ओळ तशीच राहिली. ती त्यांनी काढली. जाण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, की दुसऱ्याच्या लिखाणात चुका काढण्याची एवढी हौस आहे, तर त्यांच्या लिखाणात काढाल का?

हे लिखाण म्हणजे काय, हे मला त्यांनी जसे सांगितले तसे येथे नमूद करतो. इंटरनेटला मालक नाही. ती असंख्य जाळ्यांची शेजारवस्ती आहे. प्रत्येक जाळे शेजाऱ्याला सांगते, की अमुक पत्ते माझ्याकडून गाठता येतील, आणि शेजारी ते पुढच्याला सांगतो. मनीषाबाईंच्या खोलीतील यंत्रावर एक प्रोग्रॅम अहोरात्र चालू असे. शेजाऱ्यांचे हे सांगणे ऐकायचे, त्यातून वाट निवडायची आणि आपल्याला ठाऊक झालेले पुढे सांगायचे, एवढेच त्याचे काम. एखाद्याने चुकून भलतेच सांगितले तरी ऐकणारा विश्वास ठेवतो आणि सारी वाहतूक त्या दिशेला लोटतो. हे ऐकून माझा संताप झाला. ज्या देशातील न्यायालय ऐकीव पुरावा सहसा ग्राह्य धरत नाही, त्या देशाचा सारा व्यवहार अशा ऐकीव गोष्टींवर चालू देणे मला बेजबाबदारपणाचे वाटले, आणि तसे पत्र मी संबंधित मंत्रालयास लिहिलेही. बाई हसल्या. “म्हणूनच फिल्टर लिहायचा, काका. कुणाचं काय ऐकायचं, आन् आपण काय बोलायचं. जे लिहिलंय तेवढंच खरं. बाकी समदं नाय.”

अशा रीतीने मी त्यांचा आक्षेपक झालो. त्या वाचीत आणि मी उलटतपासणी घेई. एकदा एका फिल्टरमध्ये त्यांनी स्वीकाराची ओळ वर आणि नकाराची खाली लिहिली होती. मी विचारले, की वरच्या ओळीने एखादा पत्ता स्वीकारला गेला, तर प्रोग्रॅम खाली वाचीत राहतो की तेथेच थांबतो? तेथेच थांबतो, असे त्या म्हणाल्या. “मग तुमची खालची ओळ निरर्थक आहे. आधी निकाल आणि मागाहून हरकत, असे कोणत्या न्यायालयात चालते?” त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. “ह्याच्यासाठी तर तुमच्या ओटीवर येते,” त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी जेवण गोड लागले.

त्यांची आणखी एक पद्धत मला फार पटली होती. नवा बदल त्या कायम म्हणून कधी लागू करीत नसत. तो मुदतीपुरता लागू करीत, आणि मुदतीत स्वतः पक्का केला नाही तर यंत्र आपोआप जुन्या व्यवस्थेवर परत येई. चुकीने आपलीच वाट बंद झाली, तर पक्का करण्याचा हुकूमही देता येत नाही, आणि म्हणूनच यंत्र मागे फिरते, हे त्यातले मर्म. मी त्याला अंतरिम आदेश म्हणत असे. “अशी सोय घरात असती ना, तर निम्मी भांडणं झालीच नसती,” त्या म्हणत.

त्यांचे घरातील भांडण ज्या गोष्टीवरून झाले, ती अशी. त्यांचे मोठे दीर गणपतराव कुंभिवलीला राहत. केबलचा व्यवसाय घराण्यात त्यांनीच प्रथम आणला. मनीषाबाई पदविका घेऊन, नवी मुंबईतील नोकरी सोडून परत आल्या, तेव्हा त्यांच्या मागे उभे राहणारेही तेच. पनवेलकडून येणारी मनीषाबाईंची मुख्य लाइन गणपतरावांच्या गच्चीवरील पेटीतून चौककडे वळत असे. त्या जागेबद्दल कधी लिखापढी झाली नव्हती. कुंभिवलीच्या कारखान्यांना इंटरनेट गणपतराव देत, आणि ते मनीषाबाईंकडून घेत. वाट एकच होती, तोवर प्रश्न नव्हता. पुढे गणपतरावांनी स्वतःचे पत्ते मिळवले आणि दुसऱ्या एका कंपनीचीही लाइन घेतली. आता त्यांचेही यंत्र शेजाऱ्यांचे सांगणे ऐकू आणि पुढे सांगू लागणार होते. त्या दुसऱ्या कंपनीकडून ऐकलेले साऱ्या जगाचे पत्ते त्यांनी चुकून मनीषाबाईंना सांगितले असते, तर चौकपासून कडावपर्यंतची वाहतूक त्यांच्या लहानशा लाइनवर येऊन कोसळली असती. म्हणून मनीषाबाईंनी त्यांच्याकडे त्यांच्या पत्त्यांची यादी मागितली. यादीतले तेवढेच ऐकीन, बाकी नाकारीन, असे कळवले.

गणपतरावांना हे लागले. यादी परक्याकडे मागायची असते, असा निरोप त्यांनी धाकट्या भावाबरोबर, सुरेशबरोबर, पाठवला. दसऱ्यापर्यंत आपल्यासाठी सगळे मोकळे करावे, नाही तर गच्चीवरची पेटी उतरवावी, असेही त्यात होते. मनीषाबाईंचे यजमान सुरेश कारखान्यात नोकरीला, स्वभावाने शांत. पण त्यांनीही पत्नीला दादांचे ऐकायला सांगितले. माझा निर्णय मात्र तत्काळ झाला होता. वहिवाटीचा हक्क, अचानक सेवा खंडित केल्याने होणारे नुकसान, असे सर्व मुद्दे घेऊन मी नोटिशीचा मसुदा तयार केला. बाईंनी तो शांतपणे वाचला आणि घडी घालून मला परत दिला. “नोटीस दिली तर लाइन राहील, काका. घर जाईल. पयल्यांदा त्यांना फिल्टर वाचून दाखवू. तुमीबी चला.”

आम्ही कुंभिवलीला गेलो. गणपतरावांनी मला पाहिले आणि पत्नीला चहा टाकायला सांगितला. “काय गं, वकील घेऊन आलीस व्हय?”

“वकील नाय, भाऊजी. चुका काढणारं माणूस हाय.”

त्या वाचू लागल्या. पहिला फिल्टर त्यांच्या स्वतःवरच होता. आपल्या जाळ्याने बाहेर काय सांगावे, तर फक्त आपले पत्ते आणि आपल्याला जोडलेल्या जाळ्यांचे ठरलेले पत्ते. बाकी काहीही बोलू नये. दुसरा गणपतरावांचा, आणि त्यात यादीसाठी रिकामी जागा होती. गणपतरावांनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी आक्षेप घेतला, आणि तो योग्य होता, हे मी नमूद केले पाहिजे. उद्या आपण नवे पत्ते घेतले, तर ते मनीषाबाईंनी लिहीपर्यंत आपल्या गिऱ्हाइकांनी वाट पाहायची का, असे त्यांनी विचारले. तशी तरतूद मसुद्यात नव्हती. बाईंनी कबूल केले आणि फोन येताच त्याच दिवशी भर घालण्याचे तोंडी वचन दिले.

“म्हणजे परत्येक टायमाला मी तुला इचारायचं,” गणपतराव म्हणाले.

“मीबी पनवेलवाल्यांना इचारते, भाऊजी. त्यांच्या फिल्टरात माझीबी यादी हाय.”

“ते परके हायत. मी तुझा थोरला दीर हाय.” त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच अवघड होते. “मोकळं कर. नायतर शिडी तिथं हाय.”

मनीषाबाईंनी चहा संपवला, पदर खोचला आणि शिडी लावली. पेटी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली. खाली शिडी गणपतरावांनीच धरली होती. परतताना मी मसुद्याचा विषय पुन्हा काढला. त्यांनी मला गप्प बसायला सांगितले. तसे मला सहसा कोणी सांगत नाही.

पुढचे काही दिवस वाईट गेले. चौकचे इंटरनेट बंद पडले. कडावच्या डेअरीत संगणक असूनही दुधाच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. गिऱ्हाइकांनी फोनवर बाईंना नको ते ऐकवले. कर्जतच्या बाजूने नवी लाइन आणीपर्यंत बरेच लोक दुसऱ्या कंपनीकडे गेले. गणपतीला सुरेश आपल्या दादांकडे एकटेच जाऊ लागले. आणि आता एक वस्तुस्थिती सांगतो, कारण ती दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मनीषाबाईंना जी भीती होती, ती कधीच खरी ठरली नाही. गणपतरावांनी आपले यंत्र नीट चालवले. त्याने कधी चुकीचे काही सांगितल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. गावात लोक उघड बोलू लागले, की बाईने उगाच घर फोडले. मी एकदा त्यांना स्पष्ट विचारले. त्या दोरीने गळ्यात लटकलेला चष्मा पुसत होत्या. “भाऊजींनी चूक केली नाय, हे चांगलंच झालं. पण त्यांनी चूक केली नसती, हे मला तवा कुठं ठावं व्हतं? आन् एकाला मोकळं केलं, तर दुसऱ्याला यादी कुठल्या तोंडानं मागू?”

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शिक्षणासाठी भोईर कुटुंब पुण्याला गेले. व्यवसाय कर्जतच्या एका कंपनीने घेतला. तिने विदर्भातील एक तरुण अभियंता नेमला. तो फिल्टर कोणालाही वाचून दाखवीत नाही. पण लिहितो नीट, असे मनीषाबाईंचे मत आहे. मध्यंतरी गणपतरावांचे दुसऱ्या कंपनीशी बिनसले आणि त्यांनी चौकच्या जाळ्याशी पुन्हा जोडणी मागितली. अभियंत्याने फोनवर यादी मागितली, आणि गणपतरावांनी ती दुपारच्या आत पाठवून दिली. हे मला समजले, त्याच दिवशी मी एसटीने कुंभिवलीला गेलो. एका कर्तबगार स्त्रीला जे नाकारले, ते एका अनोळखी मुलाला एका फोनवर कसे दिले, याचा मी त्यांना जाब विचारला.

गणपतराव आता थकले आहेत. गुडघ्याला पट्टा बांधून ते पायरीवर बसले होते. “त्यो परका हाय. परक्यानं इचारलं का द्यायचं,” ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःहून पुढे सांगितले, की त्या पोराने एक ओळ परत पाठवली. हे पत्ते तुमचे नाहीत, म्हणाला. “आपल्या घरचे समदे लिहून दिले व्हते मी. त्यातले कुठले आपले नायत, ते त्याला काय कळतंय?”

नाकारलेली ओळ मी उतरवून घेतली आणि त्या संध्याकाळी पुण्याला फोन लावला. झाला प्रकार क्रमाने सांगितला आणि शेवटी तो आकडा वाचून दाखवला. त्यांनी तो मला पुन्हा एकदा वाचायला लावला.

“काका, ते माझे पत्ते हायत. चौकचे. मी धंदा सुरू केला तवाचे.”

मी म्हणालो, की म्हणजे गणपतरावांनी तुमचे पत्ते आपल्या यादीत घातले.

“नाकारले ना त्यानं?”

“नाकारले.”

“बरोबर केलं. नाकारायलाच पायजे व्हते.” मग त्यांनी नाक ओढल्यासारखा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “भाऊजींचा मोबाइल नंबर जुनाच हाय ना, काका?”