फ्रँकफर्टहून एकच सीट

सिंगापूरच्या बिशान भागात राहणाऱ्या मीनल टिपणीसबद्दल सगळे एक गोष्ट हमखास सांगतात. ही बाई कशानेही डगमगत नाही. हे कौतुक कुणी तोंडावर केलं की मीनल विषय बदलते.

पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून ती एका लॅबमध्ये काम करत होती. नवऱ्याला, सारंगला, सिंगापूरला एका बँकेच्या आयटी विभागात नोकरी लागली तेव्हा तिने राजीनामा दिला आणि तान्ह्या जाईला घेऊन त्याच्यामागे आली. फ्लॅट शोधण्यापासून जाईच्या शाळेपर्यंत सगळं तिनेच निस्तरलं. सारंग ऑफिसात हुशार म्हणून ओळखला जायचा. घरात नळ गळायला लागला तर तो तिला हाक मारायचा.

२०१०च्या डिसेंबरात ते युरोपला गेले. सारंगच्या आई, आशालताबाई, त्यासाठी मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या. त्यांना एकदा बर्फ बघायचा होता. तो पोटभर बघून झाला आणि परतीच्या दिवशी फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यानेच सगळ्यांना अडवलं. सामान आत गेलेलं, बोर्डिंग पास हातात, आणि समोरच्या फलकावरची विमानं एकेक करून रद्द होऊ लागली. आसपासची हॉटेलं भरलेली होती. आगगाड्याही जागोजागी अडकल्या होत्या. माणसं कोट अंथरून जमिनीवर बसली. कुणीतरी घडीच्या खाटा वाटायला सुरुवात केली, तेव्हा मीनलने धावत जाऊन सासूबाईंसाठी एक मिळवली.

आशालताबाईंना मधुमेह होता. इन्सुलिनचा साठा सामानात गेला होता आणि पर्समधलं पेन संपत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत उभा असलेला सारंग परत आला, तो नजर चुकवतच.

"दुबईमार्गे एक सीट मिळतेय," तो म्हणाला. "एकच आहे."

"मग आईंना पाठव," मीनल म्हणाली.

"आई एकटी कशी जाईल? दुबईला विमान बदलायचंय." मग त्याने घसा साफ केला. "ऑफिसातून फोन होता. एक तारखेला नवी सिस्टिम चालू करायचीय. साहेब ऐकायला तयार नाहीत. मला जावं लागेल, मीनल. नोकरीचा प्रश्न आहे."

नोकरी गेली की तिथे राहायचा पास गेला, पास गेला की सिंगापूर सुटलं, हे परदेशात राहणाऱ्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सारंगने जाईचा पापा घेतला आणि तो आईच्या पाया पडला.

"इन्सुलिनचं तू बघशील ना?" असं विचारून तो निघून गेला.

तिने बघितलं. विमानतळावरच्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय इन्सुलिन देईनात. तिथल्या दवाखान्यात ती सासूबाईंना व्हीलचेअरवर घेऊन गेली आणि रिकामं होत आलेलं पेन दाखवून डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली. जाईला ताप भरला तेव्हा दुकानातून विकत घेतलेला टॉवेल ओला करून तिच्या कपाळावर ठेवला. लेकीला मांडीवर घेऊन, सासूबाईंची खाट सरकवत सरकवत, तिने पुन्हा रांग धरली. आशालताबाई मध्येच रडू लागत. "माझ्यामुळे अडकलीस तू," असं म्हणून तिचा हात घट्ट धरत. नाताळच्या आदल्या दिवशी एकदाच्या तीन सीट मिळाल्या. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सारंग फुलं घेऊन उभा होता.

घरी आल्यावर आशालताबाईंनी पुण्याला लेकीला फोन लावला. मीनल स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होती. "सारंगने काही कमी पडू दिलं नाही गं," बाहेरून शब्द ऐकू आले. "सगळं अगदी व्यवस्थित लावून मगच गेला बिचारा."

मीनलने गॅस बंद केला.

मार्चमध्ये त्यांच्याकडे जेवायला मंडळी आली. सारंग बर्फाची गोष्ट रंगवून सांगत होता. खाटा कशा आल्या, रांगा केवढ्या होत्या, जाईला कसा ताप भरला. पुरी खाता खाता जाई म्हणाली, "But you weren't there, बाबा."

"जाई, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," आशालताबाई म्हणाल्या.

सारंगच्या ऑफिसातला मुकुल हसला. वातावरण हलकं करायला तो म्हणाला, "अगं, तुझे बाबा भलतेच कर्तव्यदक्ष. साहेब फोनवर म्हणाले होते, घरच्यांबरोबर राहा, सावकाश या, आम्ही सांभाळतो. तरी हा हजर."

मीनलने मुकुलला आणखी भाजी वाढली.

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "मुकुल म्हणाला ते खरं?"

सारंग बराच वेळ सोफ्याची उशी नीट करत राहिला. "मला तिथे काही सुचत नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "आई सारखी विचारत होती, आता काय करायचं. जाई रडत होती. माझा जीव गुदमरत होता. आणि तू सगळं करशील हे मला माहीत होतं."

"माझाही जीव गुदमरत होता," मीनल म्हणाली.

"तुझ्याकडे बघून तसं वाटलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं नव्हतं, आणि मीनलला तेच सगळ्यात जास्त लागलं.

त्यांचं भांडण झालं नाही. त्याच वर्षी मीनलने सिंगापूरमधल्याच बुओना व्हिस्टाच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली. मधली वर्षं वाया गेली असल्याने तिला हाताखालच्या जागेपासून सुरुवात करावी लागली. आशालताबाई पुण्याला परतल्या आणि चार-पाच वर्षांनी गेल्या. विमानतळावर घट्ट धरलेल्या त्या हाताबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मीनलने त्यांचं शेवटचं आजारपण रजा काढून केलं, मनापासून केलं. पण त्यांची आठवण आली की तिला फोनवरचं ते वाक्यही आठवतंच.

२०१८च्या पावसाळी नोव्हेंबरात सारंग लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी आला. "डिसेंबरला जपानला जाऊ या का? तिघं मिळून. इतक्या वर्षांत कुठे गेलोच नाही आपण."

"तुम्ही दोघं जा," मीनल म्हणाली. "मला लॅबमध्ये काम आहे."

जाईने मोबाइलवरून मान वर केली नाही. "I'm okay staying here lah, बाबा."

सारंगने जपानची चित्रं थोडा वेळ एकट्यानेच बघितली. मीनल टेबलावरची ताटं उचलू लागली, आणि त्याने तिला वाट करून द्यायला आपली खुर्ची थोडी मागे घेतली.