जपून ठेवलेली नजर

गेम पुन्हा पुढं ढकलला, ही बातमी मी दुकानात वाचली. ताडकळसच्या बाजाराचा दिवस. समोर दोन बाया ब्लाउजपीसचा रंग जुळवत बसलेल्या, आणि मी एका हातात कात्री, एका हातात मोबाइल धरून उभा. त्यातली एक म्हणाली, "भाऊ, कापायलाव का आमी जाऊ दुसरीकडं?" मी कापलं आणि तेही वाकडं कापलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि घरात कुणी आजारी आहे का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो.

ढकलायची ही तिसरी खेप होती. परदेशातली ती कंपनी दर वेळी तसंच पत्रक काढते, काळ्या पानावर पांढरी अक्षरं, माफी मागायची आणि वर्षभर गप व्हायचं. आधीच्या दोन्ही वेळेस मीच त्यांची वकिली केली होती. आमच्या गेम खेळणाऱ्या टोळक्यात बातम्या सांगणारा मीच आणि त्यावर तोंड वाजवणाराही मीच. जुनाच गेम रंगरंगोटी करून नव्या भावात विकणारे माझ्या लेखी चोर. अर्धवट गेम गळ्यात मारून पहिल्याच दिवशी गेमएवढा अपडेट उतरवायला लावणारे दरोडेखोर. सर्व्हर बंद केला की आपण विकत घेतलेला गेमही गायब, मग आपण घेतलं होतं तरी काय, हवा? यावर मी चहा थंड होईपर्यंत बोलायचो. आणि उशिराबद्दल माझं मत एकदम ठाम होतं. घेऊ द्या त्यांना वेळ, कच्चा गेम आणण्यापेक्षा दोन वर्षं थांबलेलं परवडलं. हे मत ऐकणाऱ्यांत एकजण असा होता की ज्याला थांबणं परवडणारं नव्हतं.

तो माझा मावसभाऊ. चुडाव्याला स्टेशनाच्या अलीकडं त्याचं घर. माझ्याहून वर्षानं मोठा, पण आमच्यात दादा-बिदा काही नाही, अरे-तुरेच. कॉम्प्युटर त्याच्याकडं, म्हणून दर रविवारी दुपारी मी गाडी काढून चुडावा गाठायचो. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघं खेळायचो. नेम त्याचा, बडबड माझी. मग एका उन्हाळ्यात त्याचा नेम चुकायला लागला. समोरचा गडी तो बरोबर टिपायचा, पण बाजूनं कुणी आलं की गप. मला वाटायचं ह्याचं ध्यान नाही. मी ओरडायचो, "आंधळा हायस का बे?" एकदा नाही, कितीदा तरी. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्याला स्वतःला ते कळलं पूजेत. आमच्या लिंगायत घरांमधून सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि त्यावर नजर लावून बसतात. लहानपणापासूनची सवय, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. एक दिवस तो मावशीला म्हणाला, "आई, लिंग दिसायलंय पण बोटांची टोकं दिसंनात." मावशीला वाटलं थट्टा करतोय. म्हणाली, पूजेत बोलू नये.

नांदेडला दाखवलं. डोळ्यामागच्या पडद्याचा आजार निघाला. नजर कडेनं मरत मरत मधे येते, त्याला औषध नाही आणि किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. गर्दी लय होती. डॉक्टर उठता उठता म्हणाले, डोळ्यांना जपा. बस, तेवढाच एक शब्द घेऊन आम्ही घरी आलो. काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याच दिवशी निदान करून टाकलं की हे सगळं त्या कॉम्प्युटरनं केलं. मावशीनं जुन्या इरकल लुगड्याचा तुकडा शिवून कॉम्प्युटरला झूल केली. आणि मी? मी तर बातम्यांतला माणूस, मला तर सगळंच ठाऊक. मी त्याला म्हणालो, "खामखा बारक्यासारक्या गेमवर डोळे घालवू नकोस. तो मोठा येणाराय ना, त्याच्यासाठी जपून ठेव."

त्या मोठ्या गेमचं दोघांनाही वेड होतं. आखंच्या आखं खोरं त्या कंपनीनं त्यात उभं केलं होतं. डोंगर, नदी, गावं, आणि नदीवरच्या पुलावरून जाणारी रेल्वे. घोड्यावर बसून गाडीच्या बाजूनं पळायचं, वाटलं तर कुठल्याही स्टेशनावर उतरून नुसतं बसायचं. आयुष्य स्टेशनाशेजारी गेलेल्या माणसाला त्यात एवढं काय वाटावं, पण त्याला वाटायचं. ट्रेलर त्यानं एकदाच बघितला. मी पुन्हा लावला तर त्यानं तोंड फिरवलं. "नको, डोळे खर्च व्हायलेत," म्हणाला.

दोन वर्षं त्यानं झूल काढली नाही. टीव्ही नाही, क्रिकेट नाही, मोबाइल कानाला लावण्यापुरता. घरात लग्न झालं, त्याचा व्हिडिओसुद्धा त्यानं बघितला नाही. त्या दोन वर्षांत काय एकेक गेम येऊन गेले! बर्फातला एक आला, समुद्राखालचा एक आला. दोन पोरांनी मिळून घरी बसून बनवलेला, नुसता एक दिवा घेऊन चालत जायचा गेम आला, असा की मी उठूच शकलो नाही. ते मी गावातल्या दोस्ताकडं खेळायचो आणि रविवारी चुडाव्याला जाऊन झूल घातलेल्या कॉम्प्युटरसमोर बसून त्याला सांगायचो. तो विचारायचा, "कसा हाय?" मी म्हणायचो, ग्राफिक झकास, गोष्ट पांचट, दहापैकी सात. तो मान हलवायचा. मोठा गेम ढकलला की मी म्हणायचो, बरंच झालं, चांगला होऊन येईल. "बरोबर हाय तुपलं," तो म्हणायचा. पहिल्या वेळेस पूजेत त्याच्या नजरेतून बोटांची टोकंच गेलेली होती. दुसऱ्या वेळेस आख्खी बोटं.

गेल्या पावसाळ्यात त्याला एकट्यानं जाणं जमेना म्हणून मी त्याच्यासंगं नांदेडला गेलो. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या, नव्या. निवांत होत्या, म्हणून गप्पांत त्यांनी विचारलं, दिवसभर काय करता? हा म्हणाला, "काहीच न्हाई मॅडम. दोन वर्षं झालं, डोळे जपायलोय." त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं, कॉम्प्युटरचं, झुलीचं, त्या गेमचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हळूच म्हणाल्या, बघण्याचा आणि या आजाराचा काही संबंध नाही. बघितलं म्हणून जास्त जात नाही, नाही बघितलं म्हणून उरत नाही. खेळला असतात तरी एवढंच गेलं असतं.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. मी समोर. नांदेड सुटलं आणि चुडावा कधी येईल असं मला झालं, कारण त्याच्यासमोर बसवत नव्हतं. उतरल्यावर त्यानं माझा खांदा धरला, आता तो तसाच चालतो. स्टेशनाच्या जिन्यापाशी येऊन थांबला आणि म्हणाला, "दोन वर्षं रे." मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "राहू दे, तुला तरी कुठं म्हाईत होतं." हेच लागलं मला. मला काहीच माहीत नव्हतं आणि तरी मी बोलत होतो.

त्यानंतरही झूल तशीच राहिली; आता काढायची ती मोठ्या गेमसाठीच, म्हणून सगळा भरवसा त्या तारखेवर. पाच महिने राहिले, चार राहिले. आणि चार राहिले असताना तो बाजाराचा दिवस उजाडला आणि ती काळ्या पानाची बातमी आली. या वेळी सव्वा वर्ष. बातमीखाली लोकांनी लिहिलं होतं, वेळ घ्या, घाई नको. जे मी लिहायचो तेच. वाचून असा संताप आला की मोबाइल गल्ल्यावर आपटला.

चार दिवस मी त्याला फोन केला नाही. रविवारी गेलो. दारातच म्हणाला, "ढकलला म्हणं." त्याचा मोबाइल आता बातम्या वाचून दाखवतो, हे मी विसरलोच होतो. मावशीनं चहा दिला. त्यानं तो संपवला, कप चाचपून खाली ठेवला आणि म्हणाला, "मग? तुपलं मत काय हाय?"

माझ्याकडं मत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग तो उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं झूल काढली. मावशी दारात उभी होती, तिनं ती त्याच्या हातातून घेतली. आमचा जुना गेम लावायला सांगितला, ज्यात मी त्याला आंधळा म्हणायचो तो. त्याला खुर्ची मागं, पार दारापर्यंत घ्यावी लागली, दुरून थोडं जास्त मावतं म्हणून. डावा हात त्यानं पूजेत धरतात तसा समोर धरला आणि मला म्हणाला, "आता तळहातबी पुरता येईना. मधलंच दिसायलंय." पडद्यावर त्याचा गडी टेकडीवर उभा होता. सव्वा वर्षानं काय दिसेल, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

"डाव्या बाजूला काय हाय?" त्यानं विचारलं.

"काही खास न्हाई. जुना गेम, तवाचे ग्राफिक असेच..."

"मत नको सांगू," तो म्हणाला. "तो गेम आला तरी न्हाई सांगायचं. काय हाय तेवढं सांग."

मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. डावीकडं झाडं होती, सहा. एक मोडलेली बैलगाडी होती, तिच्यावर कावळा. त्याच्या मागं नदी होती. मी सांगत गेलो.