रविवारपर्यंत निळं

"रोज क्लोरीन टाकल्याची सही आहे, आणि पाणी बघा! पालकाची पातळ भाजी झालीय नुसती." सबनीस साहेबांनी लॉगबुक माझ्यासमोर टेबलावर आपटलं. "रविवारी अकराला कमिटीची मीटिंग आहे. तोपर्यंत पाणी निळं झालं नाही, तर मल्लेशला सुट्टी. कायमची."

मल्लेश दाराशीच उभा होता. चाळिशीचा, अंगावर सोसायटीचा निळा शर्ट. सहा वर्षं तो या पूलचा ऑपरेटर होता. मराठी त्याला बोलता येत नाही, थोडंफार कळतं, आणि 'सुट्टी' तर सगळ्यांनाच कळतं. त्यानं मान खाली घातली आणि एक शब्द बोलला नाही. मला ते आवडलं नाही. निर्दोष माणूस निदान कुरकुर तरी करतो, असं माझं तेव्हा मत होतं.

मी पाण्याची केमिस्ट. स्विमिंग पूल आजारी पडले की आमच्या छोट्या फर्मला फोन येतो आणि आमचे मालक इम्रानभाई मला पाठवतात. बाबा नोकरीसाठी नांदेडहून हैदराबादला आले. मी इथंच वाढले, त्यामुळे माझ्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' कधी घुसतात मला कळत नाही. सबनीस मूळचे पुण्याचे, आयटीतले, या कुकटपल्लीच्या सोसायटीचे अध्यक्ष. मी मराठी बोलते म्हटल्यावर ते जरा खुलले.

"अरे वा! आडनाव काय म्हणालात?"

"म्हणाले नाही अजून," मी म्हटलं. "आधी पाण्याचा पीएच सांगते. आठ पूर्णांक दोन आहे."

पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आणि किती अल्कली याचं माप. तो सात पूर्णांक दोन ते सात पूर्णांक चारच्या आसपास हवा. आठच्या वर गेला की क्लोरीन पाण्यात असून नसल्यासारखं होतं. इथं तर क्लोरीन नव्हतंच. तपासणीच्या नळीत थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. माझ्या नळीतलं तसंच राहिलं.

हिरव्या पाण्याचा उपाय ठरलेला आहे. आधी ॲसिड देऊन पीएच खाली आणायचा. मग भिंती आणि तळ ब्रशनं घासून शेवाळ सुटं करायचं. मग ऊन उतरल्यावर क्लोरीनचा दणका द्यायचा, नेहमीच्या डोसच्या चार-पाचपट. दिवसा टाकलं तर अर्धं क्लोरीन ऊनच खातं. फिल्टर मात्र चोवीस तास चालू. शेवाळ मेलं की पाणी हिरव्याचं राखाडी होतं. राखाडी दिसलं की आम्ही खूश, ग्राहक मात्र घाबरतो.

मंगळवारी दिवसभर पीएच उतरवला आणि घासकाम केलं. मल्लेशनं मान मोडून ब्रश मारला. संध्याकाळी काय, किती आणि कुठून टाकायचं ते त्याला लिहून दिलं आणि मी मलकपेठला घरी आले. बुधवारी सकाळी नळी पुन्हा कोरी. क्लोरीन शून्य.

इम्रानभाईंना फोन केला. ते म्हणाले, "वो मल्लेश डालाच नहीं होंगा. कॅनां किधर जा रे, देखो जरा. और गौतमी, अपना भी नाम है. इतवार तक कैसा भी करके साफ होना."

मलाही तेच वाटलं, हे आता कबूल करते. बुधवारी संध्याकाळी मी क्लोरीनची खोली स्वतः उघडली. बावीस लिटर द्रव क्लोरीन स्वतःच्या हातानं, पूलभर फिरून ओतलं. तासाभरानं नळी नारिंगी झाली, म्हणजे डोस भरपूर. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून घरी नेली. मल्लेशनं हे सगळं बघितलं. किल्ली पर्समध्ये जाताना त्यानं तोंड फिरवलं.

गुरुवारी ऊन यायच्या आत मी पूलवर हजर होते. पाणी राखाडी झालं होतं, म्हणजे शेवाळ मेलं होतं. आणि नळी? कोरी.

मी तीनदा तपासलं. रात्री ऊन नसतं, पोहणारे नसतात. शेवाळही मेलेलं. मग इतकं क्लोरीन खाल्लं कुणी? मी टाकलेलं क्लोरीन जर सकाळपर्यंत संपत असेल, तर मल्लेशनं टाकलेलंही संपतच असणार. म्हणजे त्याच्या लॉगबुकातली प्रत्येक सही खरी होती. मी त्या किल्लीकडे बघितलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

"मल्लेश," मी म्हटलं, "मैं गलत समझी थी. तुम रोज डालते थे."

"हौ मॅडम," तो म्हणाला. एवढंच.

"फिर खा कौन रहा है?"

तो पुन्हा गप्प. आता मात्र मला त्याच्या गप्प बसण्यातलं वेगळं काही ऐकू यायला लागलं. हा माणूस लपवत होता, पण चोरी नव्हे.

पाण्यात नाही तर पाण्याच्या वाटेवर काहीतरी आहे, असा मी हिशोब केला. या पूलला काठाभोवती जाळीची नाली आहे. काठावरून सांडलेलं पाणी नालीतून जमिनीखालच्या एका टाकीत जातं, तिथून पंप ते ओढतो, फिल्टरमधून गाळून पुन्हा पूलमध्ये सोडतो. त्या टाकीला बॅलन्सिंग टँक म्हणतात. तिचं लोखंडी झाकण पंपरूमच्या मागे होतं. मी तिथं गेले आणि वास आला. गटाराचा नव्हे. गुडीमलकापूरच्या फूलबाजारात दुपारी उरलेल्या ढिगांपाशी येतो, तसा गोडसर कुजका वास.

"झाकण उघडायचंय," मी म्हटलं आणि गमबूट चढवायला लागले.

मल्लेश पुढे आला. त्यानं आपल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, बूट निकालो."

बावीस वर्षांच्या नोकरीत मला ॲसिड सांडणारे ऑपरेटर भेटले, पंप जाळणारे भेटले. टाकी उघडण्याआधी पादत्राणं काढायला लावणारा हा पहिलाच.

"काय आहे आत, मल्लेश?"

"अम्मवारु," तो म्हणाला. देवी.

मी बूट काढले. झाकण सरकवलं आणि आम्ही दोघं मागे झालो. आतली हवा मोकळी होऊ दिली. मग बॅटरी मारली. टाकीच्या तळाशी, कोपऱ्यात, फुलांचा गुडघाभर काळपट लगदा होता. वर अजून थोडा झेंडू ओळखू येत होता.

तेव्हा तो बोलला. दसऱ्याच्या सुमारास इथल्या बायका बतुकम्मा मांडतात. ताटात तंगेडू, गुनुगू, झेंडू अशा फुलांचे थरावर थर रचून उंच मनोरा करायचा, त्यालाच देवी मानून भोवती फेर धरायचा आणि शेवटच्या दिवशी पाण्यात सोडायचा. सोसायटीतल्या बायका दरवर्षी तलावावर जात. त्या वर्षी सबनीसांच्या पत्नी मृणालताईंनी भोंडला आणि बतुकम्मा एकत्र केला, आणि पहिल्यांदाच घरकामाच्या बायकांना, वॉचमनच्या आणि मल्लेशच्या बायकोलाही फेरात घेतलं. मग त्याच म्हणाल्या, तलाव किती घाण झालाय, आपलं पाणी कसं स्वच्छ! चाळीसेक बतुकम्मा पूलमध्ये सोडल्या गेल्या. फुलं ओढली जाऊ नयेत म्हणून मल्लेशनं पंप बंद ठेवला. सकाळी जाळीनं वरची फुलं काढली. पण पंप सुरू झाल्यावर पाणी काठावरून वाहिलं आणि बारीक फुलं नालीतून टाकीत उतरली. गेले पंधरा दिवस ती तिथं कुजत होती आणि रोज सगळं क्लोरीन खात होती.

"तुला माहीत होतं, फुलं खाली आहेत?"

"मालूम था."

"मग काढली का नाहीस? लॉगबुकात रोज लिहितोस, कचरा काढला."

तो माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले. "फुलां हैं मॅडम. कचरा थोडी है."

त्याच्या हिशोबात तो खोटं लिहीत नव्हता. कुजलेलं फूल म्हणजे क्लोरीनचा खादाड शत्रू, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"साहेबांना का नाही सांगितलंस?"

पूलवर फुलं, खाणं आणि स्टाफची माणसं आणायची नाहीत, असं सबनीसांचं सर्क्युलर होतं. मृणालताई म्हणाल्या होत्या, साहेबांना सांगू नकोस. आणि त्यानं सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी स्टाफच्या बायकांना फेरात कुणी घेतलं नसतं. त्याची बायको लक्ष्मी त्या दिवशी घरी येऊन खूप वेळ गात होती म्हणे. त्या गाण्यासाठी हा माणूस नोकरी घालवायला निघाला होता. मी मात्र ओरडले, "पंप बंद कर आधी!"

बंद टाकीत माणूस उतरवायचा नाही, हा माझा नियम. फर्मचा नाही, माझा. आमच्या मागच्या पिढ्यांनी पुरेशा टाक्या, पुरेसे हौद आतून बघितलेत. आम्ही लांब बांबूच्या जाळ्या आणि गाळाचा पंप वापरून चार तासांत लगदा वर काढला. आता तो टाकायचा कुठे, म्हणून मल्लेश अडून बसला. मी वर जाऊन मृणालताईंचीच बेल वाजवली.

सगळं ऐकून त्या मटकन खाली बसल्या. "अहो, मला वाटलं हा पाणी नीट ठेवत नाहीये. मी कालच ह्यांना म्हटलं, काढूनच टाका त्याला." मग त्यांनी पदर खोचला. "चला."

दुपारी सोसायटीच्या बागेत, आंब्याच्या आळ्यात ती फुलं पुरली गेली. दहा-बारा बायका होत्या, लक्ष्मीही होती. सगळ्या अनवाणी. कंपोस्ट म्हणून उत्तम, एवढंच मी माझ्या वहीत लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा बावीस लिटर. या वेळी मल्लेशनं टाकलं, किल्लीही त्याच्याकडेच ठेवली. शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. "मॅडम! नारिंगी! नळी नारिंगी!" क्लोरीन टिकलं होतं. शुक्रवारी मेलेलं शेवाळ तळाशी बसवायचं औषध दिलं, शनिवारी तळाचा गाळ ओढून बाहेर काढला, नवं पाणी भरलं.

रविवारी मीटिंग पूलच्या काठावरच झाली. माझा रिपोर्ट मी वाचायला घेतला तेवढ्यात मृणालताई उभ्या राहिल्या. "थांबा, ते माझं आहे," म्हणाल्या आणि सगळं स्वतः सांगितलं. सबनीस बायकोकडे, पाण्याकडे आणि पुन्हा बायकोकडे बघत राहिले.

आमच्याकडे शेवटची चाचणी साधी असते. खोल टोकाला नाणं टाकायचं. वरून दिसलं तर पाणी स्वच्छ. सबनीसांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून टाकलं. आठ फुटांवर ते लखलखीत दिसत होतं.

"मान्य," ते म्हणाले. मग मल्लेशकडे वळून त्यांच्या मोडक्या हिंदीत, "मल्लेश, मेरा गलती हुआ. वो नाणं निकालो. तुमारा है."

"साब, स्टाफ को मना है," मल्लेशनं काठावरच्या नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं.

सबनीसांनी पाटी वाचली. खाली त्यांचीच सही होती. "आज से नहीं," ते म्हणाले.

सहा वर्षं ते पाणी सांभाळणारा मल्लेश पहिल्यांदा त्यात पोहायला उतरला. वर आला तेव्हा मूठ उंच धरलेली होती आणि लक्ष्मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

यातून मी एवढंच शिकले की हिरव्या पाण्याची चौकशी पाण्यापाशी सुरू करायची नाही. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर पीएचच्या वर मी एक रकाना वाढवून घेतला आहे: 'गेल्या महिन्यात इथं कोणता सण झाला?' इम्रानभाई आधी हसले. आता तेच तो सगळ्यात आधी बघतात.

यंदा दसऱ्याआधी मल्लेशचा फोन आला. बतुकम्मासाठी बागेत वेगळा हौद बांधलाय, स्टाफच्या बायकाही आहेत, आणि लक्ष्मीनं बोलावलंय.

मी गेले. गमबूट गाडीतच ठेवले.