शेऱ्याचा रकाना

दत्तामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. आईच्या आवाजावरून कळलंच... तरी मी दोनदा विचारलं, "कोण?" त्याला आता दीड महिना झाला. असं काही लिहायची मला सवय नाही, पण मामाबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

मामा मूळचा लातूरकडचा. दापोडीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचा आणि चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी मामा पाळी बुडवून माझ्यासोबत रांगेत उभा राहिला. फॉर्मवर मी एक जागा मोकळी सोडली, तर म्हणाला, "रकाना कोरा सोडायचा न्हाई, पोरी. काही नसलं तर 'काही नाही' लिही." हे त्याचं कंपनीतलं वळण. तिथे प्रत्येक मशीनला रोजचा तपासणी तक्ता असतो, शेवटचा रकाना शेऱ्याचा. नव्या पोरांना तो सांगायचा, आवाज बदलला की आधी मशीन बंद, मग चौकशी. एकदा त्याने असंच पत्रा दाबायचं प्रेस मशीन बंद करायला लावलं आणि एका कामगाराचा हात वाचला. दहाव्याला तो माणूस आला होता. मामाच्या फोटोसमोर त्याने दोन्ही हात जोडले.

कंपनीच्या तपासणीत मामाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली आणि बजावलं, अंग फार दुखलं तर लगेच कळवा. मामाने कपाटाच्या दाराला आतून स्वतःचा तक्ता चिकटवला... तारीख, गोळी, शेरा. एक दिवस चुकवला नाही. मग खोकला झाला. औषधाच्या दुकानातून त्याने अँटिबायोटिक घेतलं, आधीच्या गोळीचं सांगायचं राहून गेलं. थोड्याच दिवसांत जिना चढताना कठडा धरायला लागला.

"मामा, डॉक्टरकडे चल ना."

"अगं, ओव्हरटाइम बोलायलाय पायातनं. मामीला म्हणावं, बाम काढ."

कंपनीतल्या माणसांना अंगदुखी म्हणजे काम केल्याची खूण वाटते. मलाही ते पटलं... लघवी काळ्या चहासारखी झाली तेव्हा मामीने रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं. दोन औषधं एकत्र आली, स्नायू विरघळायला लागले आणि त्याने किडन्या बंद पडल्या. डायलिसिस चालू असताना मामा नर्सला विचारत होता, "ह्या मशीनचा तक्ता कोण भरतंय, सिस्टर?"

माझ्या बाबांनाही तीच गोळी आहे. घाबरून ते बंद करायला निघाले, तर मामा पडल्या पडल्या म्हणाला, "दाजी, आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरला इचारा. मी न्हाई इचारलं."

मामा गेल्यावर मामीने कपाट उघडून दाखवलं. गोळीच्या खुणा ओळीने सरळ, शेवटच्या आठवड्यात थरथरलेल्या. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

आता आमच्या कपाटालाही तसाच तक्ता आहे. बाबांना लिहिता येत नाही, ते खूण करतात. शेरा मी विचारून लिहिते. काल लिहिलं, "डावी पोटरी दुखते. डॉक्टरांना फोन केला."