लहरीपुऱ्यापर्यंत

आमच्याकडे फोन नाही. शेजारच्या गुजराती काकींनी खिडकीतून हाक मारली, "भाई, तमारी बेननो फोन छे," आणि मी चप्पल न घालताच धावलो. ताई एवढंच म्हणाली, "हे पडले. गल्लीतच." गल्लीतच, हे ऐकून मला चक्क हायसं वाटलं. ताईच्या वाडीतल्या त्या चिंचोळ्या गल्लीत पडून माणसाला होऊन होऊन काय होणार... दुपारी भाऊजी गेले. त्याला आता दीड महिना झाला.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, शहराबाहेर गोरव्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. रोज सायकलनं जायचे. नवे कारखाने, नव्या मोटारी येत गेल्या, तसा तो रस्ता इतका भरला की एकदा ट्रकचा आरसा त्यांच्या कानाजवळून गेला. घरी येऊन तासभर ते पाण्याचा पेला नुसता हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी ताईनं हेल्मेट आणलं. स्कूटरचं, लालभडक. सायकलवर हेल्मेट हे आमच्यात कुणी ऐकलंही नव्हतं.

मी मेहुणा, त्यामुळे थट्टेचा हक्क माझा. भाऊजी ते घालून ओट्यावरून निघाले तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मी विचारलं, "भाऊजी, गोरव्याला की चंद्रावर?" ताई तेवढी मागे मोरीत होती; बाकी गल्ली हसली. भाऊजीही हसले. "तिथं ट्रक नसतात म्हणे. बघून सांगतो." तीनदा सायकलवरून पडून जन्मभर पायी हिंडणारा मी, पण त्या सकाळी भलताच शूर झालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट हँडलला लटकू लागलं. जुनं शहर संपतं त्या लहरीपुऱ्याच्या दरवाज्याशी, पानाच्या टपरीजवळ उतरून ते चढवायचे. परतताना तिथंच काढायचे. मी विचारलं तर म्हणाले, "लहरीपुऱ्यापर्यंत सगळे आपलेच रे. गल्लीत ट्रक कुठून येणार?" मला ते पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं.

ते पडले त्या सकाळी कुणीतरी ओटा धुतला होता. साबणाच्या पाण्यावरून चाक सरकलं आणि डोकं पायरीवर आपटलं. हँडलवरच्या हेल्मेटला ओरखडाही नव्हता.

दहाव्याला ताई म्हणाली, "रोज मी हातात द्यायचे. मग डोक्यावर का नव्हतं रे?" मी म्हणालो, "उकाडा असेल." अंगावर स्वेटर होता माझ्या. तिची नजर त्या स्वेटरवर गेली. तेव्हापासून तिनं "ऐक ना" म्हटलं की मी काहीतरी काम काढून उठायचो.

मागच्या आठवड्यात भाचीनं कॉलेजला जायला तीच सायकल काढली आणि हेल्मेट हँडलला अडकवलं. "लहरीपुऱ्याला घालते, मामा. बाबांसारखं."

ताई दारातच होती. "बाबा तिथं घालायचे ते माझ्यामुळे," मी म्हणालो, आणि चंद्राचं सगळं सांगून टाकलं... ताईनं हँडलवरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "तूच घाल तिला. इथं, ओट्यावर. सगळ्यांसमोर."

आता रोज सकाळी मी वाडीत जातो. आधी कुणाचा ओटा ओला आहे ते बघतो. मग भाचीचा पट्टा आवळतो. तो तिच्या मापाचा करून दिलाय, पण भाऊजींच्या मापाशी पडलेली घडी काही जात नाही. माझं बोट आधी तिथंच थांबतं.